चाळीस दिवसांचं शून्य

वजनकाट्याला फसवायचं असेल तर त्याचं शून्य लावताना फसवायचं. नंतर तो ऐकत नाही. ताटली रिकामी आहे असं त्याला वाटत असताना तिच्यावर गुपचूप बोट ठेवायचं. त्या बोटासकट त्यानं एकदा शून्य धरलं की पुढं आयुष्यभर तो अगदी प्रामाणिकपणे खोटं बोलतो.

मी, युवराज मगदूम, पंचवीस वर्षं कोल्हापुरात काटे दुरुस्त करतोय. गुळाच्या अडतीपासून सोनाराच्या पेढीपर्यंत असली बोटं मी शेकड्यानं पकडली. त्यामुळं मन मोजायचं कडं आलं तेव्हा सगळी पेठ ‘हे काय नवीन झंगाट’ म्हणत होती आणि मी एवढंच विचारत होतो, याचं शून्य कधी लागतं?

कडं म्हणजे मनगटावरची पट्टी. सरकारी कागदात तिचं नाव लांबलचक होतं, पण मनगटात जे येतं ते आमच्याकडं कडंच. परवान्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाला ते सक्तीचं झालं. बसचा ड्रायव्हर, औषधाचा दुकानदार, क्रेनवाला, आणि हो, काटे दुरुस्त करणारासुद्धा, कारण आमच्याही भिंतीवर एक परवाना टांगलेला असतो.

कडी वाटणाऱ्या सरकारी केंद्रावरच्या बाईंनी आम्हाला ते बैजवार समजावलं होतं. माणसाचं हृदय घड्याळासारखं टिकटिक करत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर कधी केसभर जास्त, कधी केसभर कमी, असं सतत हलत असतं. श्वास आत घेतला की ठोके जरा पळतात, सोडला की रेंगाळतात. मन ताजं असेल तर ही हालचाल भरपूर. माणूस आतून खचला की ठोके एकसुरी व्हायला लागतात, पाढे म्हटल्यासारखे. यात घामातली ताणाची रसायनं, झोपेत बदललेल्या कुशी आणि आवाजातला चढउतार मिळवायचा, झाला हिशेब.

पण प्रत्येकाचं हृदय वेगळं. म्हणून कडं पहिले चाळीस दिवस काही बोलत नाही, नुसतं शिकतं. चाळिसाव्या दिवशी डॉक्टर तो सगळा आलेख बघून शिक्का मारतात आणि मग रोज दिवा लागतो. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे नैसर्गिक वाट : ऊन, चालणं, झोपेची शिस्त, प्राणायाम, वैद्याचं तेल. लाल म्हणजे मानसोपचाराचा डॉक्टर आणि गोळ्या. ड्रायव्हरला पिवळ्यावर नव्वद दिवस गाडी चालवायची सवलत होती. लाल लागला, किंवा घामात गोळीचा अंश सापडला, तर सहा महिने स्टिअरिंगवरून खाली.

‘चाळीस दिवस नुसतं शिकतं’ एवढं ऐकलं आणि माझं बोट शिवशिवायला लागलं.

धनाजी खोत माझा शाळेपासूनचा दोस्त. कोल्हापूर-रत्नागिरी गाडीवर ड्रायव्हर. आंबा घाट उतरताना त्याच्या गाडीत म्हातारी माणसं निवांत घोरायची, इतका मऊ हात. पण गेल्या दिवाळीपासून गडी मिटत चालला होता. संध्याकाळी आम्ही दूधकट्ट्यावर भेटायचो. रस्त्याकडेला म्हशी बांधलेल्या, समोर धार काढून ग्लास हातात. धना ग्लास धरून उभा राहायचा. फेस बसायचा, दूध गार व्हायचं, हा तसाच. त्याच्या बायकोनं, रोहिणीनं, ब्राह्मी दिली, तूप दिलं, पहाटे रंकाळ्याला फेऱ्या मारायला लावल्या. तीन तास झोपणारा धना चार तास झोपायला लागला, पण त्याच्या पुढं गाडी सरकेना. डॉक्टरचं नाव काढलं की दोघंही विषय बदलायची. गोळी घेतली की माणूस कायमचा गोळीचा, असं तिला वाटायचं. याला वाटायचं, स्टिअरिंग गेलं.

“युवा, माझा आलेख बघितला की डॉक्टर मला तिथंच बसवतंय,” कडी मिळाली त्या संध्याकाळी तो म्हणाला.

“बसव की म्हणावं. इतकी वर्षं बसूनच काम करालायस.”

तो हसला नाही. “स्टिअरिंग काढून घेतल्यावर मी काय करायचं सांग. घरात भिंत बघत बसू? डेपोत पोरं काय म्हणतील, खोत येडा झाला.”

मी माझं कडं खिशातून काढलं. अजून कोरं होतं, तान्ह्या बाळासारखं. पहिलं जो घालेल त्याचंच ते होणार.

“तुझं आण इकडं. चाळीस दिवस तुझं मी घालतो, माझं तू घाल. तुझ्या नावावर माझं हृदय चढेल, ते एक नंबर हाय. डॉक्टरचा शिक्का बसला की आपापलं परत.”

“आणि तुझ्या नावावर माझं चढेल त्याचं काय?”

“काटे दुरुस्त करणारा रडका निघाला तर कुणाची बस दरीत जात्या?”

हे मी बोललो. अगदी याच शब्दांत. तेव्हा धना माझ्याकडं बघत राहिला होता, आणि मला वाटलं, विनोद त्याच्या डोक्यावरून गेला.

चाळीस दिवस मजेत गेले. मी धनाच्या नावानं खाल्लं, प्यालो, पेठेत टवाळक्या केल्या, मांजरासारखा झोपलो. धनाजी खोत यांचा शेरा आला : उत्तम. युवराज मगदूम यांचा आला : काठावर, लक्ष ठेवावे.

एक्केचाळिसाव्या संध्याकाळी आम्ही कट्ट्यावर भेटलो. कडं चार्जिंगसाठी रोज एक तास काढायची मुभा होती, त्या तासात अदलाबदल केली. आपापलं कडं आपापल्या हातात. मी म्हणालो, “बघ, किती सोपं.” तेवढ्यात दोन्ही कडी लुकलुकायला लागली. जांभळा दिवा. माझ्या फोनवर अक्षरं आली : अनोळखी व्यक्ती. मूळ धारकाने एका तासात कडे घालावे, अन्यथा परवाना स्थगित.

मी म्हशीला टेकलो. म्हशीनं शेपटी मारली.

कडं चाळीस दिवस फक्त मनाची पातळी शिकत नव्हतं, ते ठोक्याची ठेवण शिकत होतं. अंगठ्याचा ठसा असतो तशी. त्याच्या लेखी धना म्हणजे युवराज आणि मी म्हणजे धनाजी. शिक्का बसल्यावर ते पुन्हा कोरं करता येत नाही. पंचवीस वर्षं काट्यात घालवलेल्या माणसाला एवढं सुचायला पाहिजे होतं. बोटासकट शून्य लागलं की बोट काढायचं नसतं.

आम्ही कडी पुन्हा बदलली. केंद्रातून फोन आला, सर, दुसऱ्या कुणी घातलं होतं का? मी म्हणालो, मिसेसनं बांगडीवर कसं दिसतंय बघितलं. पोरगी तिकडून खुदकन हसली. मी फोन ठेवला आणि धनाला म्हणालो, “काय बिघडलं? आयुष्यभर असंच घालू.”

“आयुष्यभर,” धना म्हणाला.

वीस दिवसांनी माझा लाल लागला.

म्हणजे धनाचा. तो आणखी खाली घसरला होता. पण चिठ्ठी माझ्या नावाची, आणि ती उघडली अश्विनीनं, माझ्या बायकोनं. मी दुकानातून आलो तर ती उंबऱ्यातच बसलेली.

“मला का सांगितलं नाहीसा?”

“काय?”

“चोवीस तास खिदळत असतासा आणि आत असलं? मी तुमच्या शेजारी झोपते हो.”

तिला खरं सांगता आलं असतं. पण प्रवासी गाडीच्या ड्रायव्हरचं कडं बदललं तर दोघांना तीन वर्षं तुरुंग, आणि ज्यानं ठाऊक असून कळवलं नाही त्यालाही शिक्षा, असा कायदा होता. सांगितलं की ती पण आमच्यात. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्यानं तिची खात्रीच पटली.

डॉक्टरांची तारीख पडली. आदल्या संध्याकाळी मी धनाला कट्ट्यामागच्या पायरीवर बसवलं. “उद्या मला तू बनून जायचंय. झोप किती, भूक किती, सगळं सांग. फॉर्म भरायचाय म्हणून समज.”

तो फॉर्म भरायचाय म्हणूनच सांगत गेला. पहाटे तीनला डोळे उघडतात. जेवण मातीसारखं लागतं. रोहिणी बोलते ते काचेपलीकडून ऐकू येतं. आंघोळीचा तांब्या उचलायचा म्हणजे डोंगर. आपण नसतो तर सगळ्यांचं बरं झालं असतं, असं दिवसातून कितीदा वाटतं ते त्यानं मोजलं नव्हतं. चाळीस वर्षांच्या दोस्तीत हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मी कधी विचारलं नव्हतं. मी विनोद सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर तेजस्विनी नेर्लेकरांसमोर मी ते सगळं पाठ म्हटल्यासारखं म्हटलं. बाई पन्नाशीच्या, चष्मा नाकावर, घाई अजिबात नाही. त्यांनी सांगितलं, मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात, ती ये-जा मंदावते, गोळी ती हळूहळू सुरळीत करते. तीन-चार आठवडे लागतील. सुरुवातीला गुंगी येईल.

“आणि ऊन, चालणं, प्राणायाम सोडायचं नाही,” त्या म्हणाल्या. “लोक मला विचारतात, हे का ते? पाय मोडला तर प्लास्टरही लागतं आणि नंतर व्यायामही. नुसत्या व्यायामानं मोडलेलं हाड जुळत नाही, एवढंच.” मग त्यांनी वर बघितलं. “गाडी चालवता?”

“स्कूटर आहे. तीपण मिसेस चालवतात. मी मागं बसून हॉर्न वाजवतो, तोंडानं.”

त्या हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. मला उलटं वाचता येतं, धंद्यातली सवय. ‘विनोदाआड लपतो’ असं लिहिलं होतं.

गोळ्या मी आणायचो, धना घ्यायचा. त्याच्या घामातला अंश माझ्या नावावर नोंदला जायचा : औषध नियमित. त्याच्या झोपेवरून डॉक्टर माझा डोस ठरवायच्या, तो त्याला बरोबर लागू पडायचा. यंत्राला आम्ही फसवलं होतं, तरी ते धनावर नेमका उपचार करत होतं. दीड महिन्यात धनानं कट्ट्यावर ग्लास तोंडाला लावला आणि फेसाची मिशी घेऊन म्हणाला, “दुधात पाणी हाय रे.” समोर धार काढलेल्या दुधात. मला इतकं बरं वाटलं की मी त्या म्हशीच्या पाया पडलो.

पण तोवर मी गावचा रोगी झालो होतो.

घरात अश्विनीनं सुऱ्या कुलपात टाकल्या. भाजी चिरायला ती शेजारी जायची आणि चिरलेली भेंडी घेऊन यायची. न्हाणीघराची आतली कडी काढली. मी आत गेलो की दोन-दोन मिनिटांनी बाहेरून हाक, “अहो, आहासा न्हवं?” गच्चीला कुलूप, फिनेलची बाटली गायब. ती नोकरीवरून दुपारी घरी यायला लागली, नुसतं मला बघायला. मी हसलो की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी गप्प बसलो की ती डॉक्टरांना फोन लावायची. एकदा मी नुसता छताकडं बघत होतो, पाल कुठं गेली म्हणून, तर दुसऱ्या दिवशी पंखा उतरवलेला.

दुकानात गिऱ्हाईक कमी झालं. गुळाचे अडत्ये महादबा चव्हाण स्वतः आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “काटा काय, कधीपण दुरुस्त होईल. तू आधी हो.” कट्ट्यावर मी तोंड उघडलं की पोरं आधी एकमेकांकडं बघायची. एकदा मी म्हशीच्या मालकाला सांगितलं, तुझ्या म्हशीला कडं घाल, तिच्याएवढी शांत बाई पेठेत दुसरी नाही. चांगला विनोद होता. एकजण उठला आणि मला मिठी मारली. “बोल भावा, मोकळा हो,” म्हणाला.

आणि या सगळ्यात मला मनापासून खूश राहायचं होतं. खोटं हसून भागत नव्हतं, ठोके ओळखतात. माझ्या मनगटावर धनाची गाडी होती. माझा ठोका एकसुरी झाला की धनाजी खोतचा दिवा बदलणार. संध्याकाळी धनाच्या फोनवर त्याच्या, म्हणजे माझ्या, मनाचा शंभरातला आकडा यायचा आणि मी तो विचारायचो. एक्क्याऐंशी. सत्त्याहत्तर. एकाहत्तर. मी पहाटे रंकाळ्याला पळायला लागलो. कोवळं ऊन अंगावर घेतलं, भ्रामरी करून शेजारच्या कुत्र्याला वेड लावलं, संध्याकाळी मोबाईल बंद. फरक पडत होता, खोटं कशाला बोला. तीन-चार आकडे वर जायचे. मग घरी यायचो, आणि न्हाणीघराबाहेरून हाक, “आहासा न्हवं?” आकडा पुन्हा खाली. कोंडलेल्या माणसाला ऊन तरी किती पुरणार.

धनाजी खोतांचा पिवळा लागला. नैसर्गिक वाट, नव्वद दिवसांची मुदत. रोहिणीला मनातून आनंदच झाला, हे तिचं खातं होतं. तिनं धनाला वैद्य उपाध्यांकडं नेलं. रोज शिरोधारा. म्हणजे उदास मी, आणि तेलाची धार धनाच्या कपाळावर. माझ्या नावाच्या गोळ्या त्याच्या पोटात, माझ्या दुःखाचं तेल त्याच्या डोक्यात. गडी असा तुकतुकीत झाला की कट्ट्यावर माश्या घसरायच्या. वैद्यांनी आठ दिवस त्याची नाडी बघितली आणि रोहिणीला म्हणाले, “तुमचे मिस्टर ठणठणीत आहेत. यांच्या कड्यातच बिघाड दिसतोय.” हे सांगताना धना हसत होता. माझ्याकडं बघून थांबला.

“तू कसा हाईस, युवा?”

“एक नंबर.”

त्या संध्याकाळी त्याच्या फोनवरचा, म्हणजे माझा, आकडा एकोणपन्नास होता.

नव्वद दिवस पुरे व्हायला दोन आठवडे असताना दोन पत्रं आली. एक धनाला, डेपोचं : सततची घसरण पाहता सोमवारी वैद्यकीय मंडळासमोर हजर राहावे. दुसरं मला : लालवरून हिरव्यावर सर्वांत वेगानं आलेला जिल्ह्यातला रुग्ण म्हणून रविवारी सकाळी शाल-श्रीफळ देऊन सत्कार.

शुक्रवारी दुपारी मी डेपोत गेलो. धनाची गाडी चार्जिंगला लावलेली, आत कुणी नव्हतं. तो ड्रायव्हरच्या सीटवर, मी मागच्या बाकड्यावर.

“सोमवारपर्यंत आकडा वर काढतो,” मी म्हणालो. “मला जमतंय. उद्या पन्हाळ्याला जातो, झाडंबिडं बघतो.”

“तुला झोप येत्या काय?”

“येत्या की.”

“किती?”

माझे हात मांडीवर पडले होते, दुसऱ्याचे असल्यासारखे. सकाळी दाढीचा ब्रश उचलायला मला पाऊण तास लागला होता. धनाच्या आजाराचं पाठांतर मला अजून तोंडपाठ होतं, आणि आता त्यातलं प्रत्येक वाक्य माझं झालं होतं.

“तू पण गोळी सुरू कर,” धना म्हणाला.

“माझ्या घामात सापडली की तुझं स्टिअरिंग गेलं.”

तो मागं न वळता, समोरच्या काचेतून बघत बोलायला लागला.

“तू तेव्हा म्हणालास, कुणाची बस दरीत जात्या. ध्यानात हाय? त्या महिन्यात आंबा घाटात एक वळण होतं. रोज त्या वळणाला मला वाटायचं, आज सरळच जाऊ या. दुसरं काही नाही, नुसतं सरळ. मागं चाळीस-बेचाळीस माणसं. कुणीतरी लाडू खात असायचं, वास यायचा. त्या वासावर मी स्टिअरिंग फिरवायचो.”

मी पुढच्या बाकड्याची दांडी धरली.

“मग गोळी सुरू झाली. पहिल्या आठवड्यात त्याच घाटात माझा डोळा लागला. किती वेळ कुणास ठाऊक. उघडला तर चाक पांढऱ्या पट्टीवर. डॉक्टरनं तुला विचारलं असंल न्हवं, गाडी चालवता काय म्हणून?”

“विचारलं होतं.”

“तू काय सांगितलंस?”

“विनोद.”

चार्जरचा तेवढा आवाज येत होता.

“ते कडं बरोबर होतं, युवा,” तो शेवटी म्हणाला. “मला खाली उतरवायचं ते त्याचं काम होतं. आपण त्याला करू दिलं नाही.”

“आता तू बरा हाईस. आता कशाला तीन वर्षं आत जायचं? सोमवारपर्यंत थांब, मी काढतो वर.”

“थांबतो,” तो म्हणाला. पण मान हलवली नाही.

रविवारी सकाळी हॉल भरला होता. दोनशे खुर्च्या, मागं बॅनर, बॅनरवर माझा दात काढलेला फोटो. पहिल्या रांगेत अश्विनी, ठेवणीतली पैठणी नेसलेली. शेजारी डॉक्टर नेर्लेकर, डेपोचे साहेब, वैद्य उपाध्ये, सगळ्या वाटांची माणसं एका रांगेत. मला शाल घातली, हातात नारळ दिला, आणि सूत्रसंचालक म्हणाला, “मगदूम साहेब, दोन शब्द.”

पन्हाळ्याला गेलो होतो. झाडं बघितली. आकडा त्रेचाळीस होता.

माईकसमोर उभा राहिलो आणि मला दिसलं की यातून बाहेर पडायला एवढी एकच जागा आहे, माझ्या तोंडासमोर.

“मी बरा झालेलो नाही,” मी म्हणालो. “मी आजारी नव्हतो तेव्हा तुम्ही मला गोळ्या दिल्या. आता आजारी पडलोय, तर शाल दिली.”

हॉल फुटला. मागची रांग खुर्च्यांवरून वाकून हसत होती. महादबा चव्हाण मांडीवर थापा मारत होते. आमचा युवा परत आला, असं कुणीतरी ओरडलं.

“मी खरं सांगतोय. हे कडं माझं नाही.”

आणखी हशा.

“मला झोप येत नाही. मला सकाळी उठावंसं वाटत नाही. मी एका ड्रायव्हरचं...”

टाळ्या पडायला लागल्या. अश्विनी हसत होती. पाच महिन्यांत पहिल्यांदा, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिचा माणूस तिला परत मिळाला होता. मी तिच्याकडं बघत होतो आणि माझा आवाज बंद झाला. आयुष्यभर लोकांना हसवायला मी जीव टाकला, आणि आज त्यांना थांबवता येईना.

मागच्या दारापाशी धना उभा होता, इस्त्री केलेल्या खाकीत. तो हसत नव्हता. खुर्च्यांच्या मधून चालत तो स्टेजवर आला. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचा भाग, त्याच्यासाठीही टाळ्या पडल्या. त्यानं माझ्या मनगटावरचं कडं सोडवलं, स्वतःच्या हातात घातलं. स्वतःचं सोडवून माझ्या हातात घातलं. दोन जांभळे दिवे लुकलुकायला लागले.

“हा खरं बोलतोय,” तो माईकमध्ये म्हणाला. “बरा झाला तो मी.”

हसू एकदम थांबत नाही. ते पुढच्या रांगेत आधी विझलं, मग मधल्या, मागं कुणीतरी बराच वेळ एकटाच हसत होता.

डॉक्टर नेर्लेकर पायऱ्या चढून आल्या. त्यांनी आधी दिवे बघितले, मग धनाकडं. “तुम्ही या गोळ्यांवर घाटात गाडी चालवलीत?”

“चालवली. आज नाही. सकाळीच बिल्ला डेपोत ठेवून आलोय.”

त्या माझ्याकडं वळल्या आणि नाकावरचा चष्मा काढला.

अश्विनी वर आली. पैठणीचा काठ पायरीत अडकला, तो तिनं सोडवला. माझ्यासमोर उभी राहून तिनं हळू आवाजात विचारलं, पण माईक चालूच होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

“तुम्हाला बरं नाही ते कधीपासून?”

“तीन महिने झाले असतील.”

“आणि मी सुऱ्या लपवल्या, कड्या काढल्या, ते?”

“ते धनाचं.”

तिनं धनाकडं बघितलं. त्याच्या तेलकट, तुकतुकीत कपाळाकडं. मग परत माझ्याकडं.

“गोळ्या त्यांना. तेल त्यांना. माझी झोप गेली ती पण त्यांच्या आजारापायी. मग तुमच्यासाठी काय होतं हो?”

मी तोंड उघडलं. विनोद आला नाही. आतपर्यंत जाऊन बघितलं, कुठंच नव्हता. मी तिथंच स्टेजच्या कडेला बसलो, मांडीवर नारळ घेऊन. ती क्षणभर उभी राहिली आणि मग पैठणीसकट शेजारी टेकली.

खाली डेपोचे साहेब फोन कानाला लावून दाराकडं निघाले होते. पोलिसांना लावला हे मला कळत होतं. धना त्यांच्या मागं चालायला लागला, कुणी बोलवायच्या आधीच. मलाही जायचं होतं, पण उठता येईना, आणि मी ते तिला सांगितलं.

“अश्विनी, मला उठता येईना.”

या वेळी कुणी हसलं नाही.